बाथ : झऱ्यात सोडलेली गाऱ्हाणी

आता इंग्लंडमधल्या बाथ शहराकडे वळू. तिथे जाणारा माणूस आधी रॉयल क्रेसेंट बघतो. १७६७ मध्ये बांधायला घेतलेली, चंद्रकोरीसारखी वळलेली तीस घरांची ओळ. मग पंपरूममध्ये झऱ्याचं कोमट पाणी चाखतो. हे सगळं बघावंच. पण ज्या झऱ्यामुळे हे शहर वसलं, तो त्याहून कितीतरी जुना. आजही त्यातून ४६ अंश सेल्सियसचं, रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येतं.

रोमन आले तेव्हा हे सुलिस देवीचं ठाणं होतं. रोमनांनी तिला हटवलं नाही. आपल्या मिनर्व्हाशी जोडून घेतलं.

१९७९-८० च्या उत्खननात या झऱ्यातून शिशाचे सुमारे १३० पातळ पत्रे निघाले. बहुतेकांवर चोरीच्या तक्रारी. डोकिलियानस नावाचा माणूस म्हणतो, माझा झगा चोरीला गेला. चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये. आपल्याकडे देवीला गाऱ्हाणं घालतात, त्यातलाच हा प्रकार!

सम्राटांचा, सेनापतींचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. ब्रिटनच्या थंडीत ज्याचा झगा गेला, त्याचं म्हणणं मात्र या पत्र्यांवरच उरलंय. म्हणून सांगतो, रोमन बाथ्सच्या संग्रहालयात गेलात, तर त्या कपाटापाशी जरा थांबा.