ताकाऊ, पाउआ, ताताउआ, वारू

पोरांकडून पावकी-निमकी घोकून घेण्यात माझी मास्तरकी गेली. त्यामुळे पाटीवाचून हिशेब करणाऱ्यांबद्दल मला आदर, आणि मांगारेवाच्या लोकांबद्दल अंमळ जास्तच.

ताहितीच्या आग्नेयेला सुमारे 1600 किलोमीटरवरचं हे बेट. त्यांची भाषा ऑस्ट्रोनेशियन घराण्यातली. पाचाला तिथे रिमा, मलायात लिमा. दहादहाने मोजायचा वारसा त्यांच्याकडेही होताच. पण कासवं, मासे, नारळ असा मोलाचा माल मोजताना त्यांनी नवाच्या पुढे वेगळी वाट धरली. दहा म्हणजे ताकाऊ, वीस पाउआ, चाळीस ताताउआ, ऐंशी वारू. शिवाय काही वस्तू नगाने मोजायच्या, काही जोडीने, काही चार-चार, तर काही आठ-आठ एकत्र धरून.

आता 57 आणि 65 मिळवा. पहिल्यात ताताउआ, ताकाऊ, सात. दुसऱ्यात ताताउआ, पाउआ, पाच. दोन ताताउआंचा एक वारू झाला. सात-पाच बारा, म्हणजे आणखी एक ताकाऊ, वर दोन. दोन ताकाऊंचा पाउआ, दोन पाउआंचा ताताउआ. उत्तर: वारू, ताताउआ, दोन. म्हणजे 122! पाटी नाही, कागद नाही. एकेरी बेरजा तेवढ्या यायला हव्यात. पुढे एकाच जातीचे दोन झाले की वरचा एक घ्यायचा. लिपी नसलेल्या समाजाला याहून सोयीचं काय हवं?

1834 मध्ये फ्रेंच मिशनरी आले, 1881 मध्ये फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली. युरोपीय आकडे आले तशी ही मोजणी मागे पडली. ते रिवाज ते रांगी हिरोआ, म्हणजे पीटर बक, यांच्या 1938 च्या ग्रंथासारख्या जुन्या नोंदींत उरले. बर्गन विद्यापीठाच्या आंद्रेआ बेंडर आणि झीगहार्ट बेलर यांनी अशा नोंदी चाळून 2013 मध्ये या दुपटीच्या पायऱ्यांचं गणित मांडलं.

त्यावर लगेच बोलबाला झाला: गणितज्ञ लायब्निट्झच्या 1703 च्या निबंधाआधीच द्विमान, म्हणजे दोनाच्या पायावरची, पद्धत! मला ही तुलना पटत नाही. नवापर्यंत नऊ वेगळे शब्द आहेत, तेव्हा ही पद्धत मिश्रच. आणि कासवं वाटणाऱ्या माणसाला लायब्निट्झचं प्रशस्तिपत्रक कशाला? तोंडी बेरजेपुरतं बोलायचं तर आपल्या दशमानापेक्षा ती सरस होती.