तीस वर्षांच्या सर्चची कुळकथा

घराचा सौदा ठरला, इसार दिला, की भंडाऱ्यातला वकील सांगतो, "तीस वर्षांचा सर्च काढावा लागेल." घेणारा मान डोलावतो. तीसच का, वीस किंवा पन्नास का नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'तशी पद्धत आहे' एवढ्यावर भागतं.

मुंबईत हे काम सॉलिसिटरच्या पेढ्या करत आल्या. भंडाऱ्यात ते वाटून गेलेलं आहे. विक्रीपत्राचा मसुदा अर्जनवीस लिहितो, सर्च वकील काढतो, फेरफार पटवारी घेतो. (सरकारदरबारी पटवाऱ्याचा आधी तलाठी झाला, आता ग्राम महसूल अधिकारी. लोकांच्या तोंडी तो पटवारीच.) तिघांच्या मध्ये जी फट राहते तिचा धनी मात्र घेणाराच.

सर्च काढायचा तर आधी शोधायला जागा हवी. ती इंग्रजांच्या नोंदणी कायद्यांनी दिली. पहिला सर्वव्यापी कायदा १८६४चा, आज चालतो तो १९०८चा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये आणि त्यापुढच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होणार नाही असं ठरवलं. शंभराचा तो आकडा आजही तसाच आहे. नोंदलेल्या दस्तांच्या सूच्या ठेवणं निबंधकावर बंधनकारक झालं. त्यातली मिळकतवार सूची म्हणजे आपली 'इंडेक्स टू'. तिची पानं उलटत मागे मागे जाणं, एवढाच सर्चचा मूळ अर्थ.

पण मागे किती जायचं? इथे गहाणाची गोष्ट येते. आजोबांनी शेत गहाण टाकलं, नातू पैसे घेऊन सोडवायला आला, तर कायदा त्याला किती वर्षं दारात उभं करील? जुन्या मुदत कायद्यात उत्तर होतं, साठ वर्षं. सरकारला स्वतःची जमीन परत मागायलाही साठच वर्षं होती. १९६३चा मुदत कायदा १ जानेवारी १९६४ पासून लागू झाला आणि दोन्ही मुदती तिसांवर आल्या. त्यात १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ९० आधीपासून होतंच: तीस वर्षं जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला, तर तो खरा आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. २०२४ पासून पुरावा कायदा बदलला, तरी ही तीस वर्षं त्यात टिकली. इंग्लंडात किती मागे जायचं, हा आकडा साठावरून १८७४ मध्ये चाळीस, १९२५ मध्ये तीस आणि १९६९ मध्ये पंधरा झाला. तिथे पुढे मालकीचीच नोंद सरकार ठेवू लागलं आणि मागे जाण्याची गरज आटत गेली.

आपल्याकडे तसं झालं नाही. इथे दस्त नोंदला जातो, मालकी नाही. विकणारा खरोखर मालक आहे का, हे तपासणं दुय्यम निबंधकाचं काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम याच मुद्द्यावर रद्द केला. मालकीचा पुरावा नाही म्हणून दस्त नाकारायची सोय त्या नियमात होती. 'रजिस्ट्री झाली म्हणजे घर माझं ना?' या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'विकणाऱ्याचं असेल तर' असंच द्यावं लागतं. फेरफाराचंही तेच. सातबाऱ्यावर नाव चढलं की सारा कुणाकडून घ्यायचा ते ठरतं, मालकी त्याने सिद्ध होत नाही.

म्हणजे तीस हा आकडा मालकीच्या मुळापाशी नेण्यासाठी कुणी काढलेला नाही. दावा कुठवर लागू शकतो, त्या भीतीचं ते माप आहे. भंडाऱ्यात हे माप तोकडं पडतं, असं माझं मत आहे.

आज तीस वर्षं मागे गेलं तर आपण १९९५-९६च्या आसपास थांबतो. या जिल्ह्यातल्या जमिनीचं मूळ त्याहून बरंच मागे आहे. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांनाच गावाची मालकी मिळाली. शेतं, तलाव, पडीक, आबादी, सगळं त्यांच्या नावे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. घरच्या शेतीसारख्या काही जमिनी मालगुजारांकडे राहिल्या, बाकी सरकारकडे आल्या. 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते यातलेच. मग १९५४च्या मध्यप्रदेश महसूल संहितेने खातेदारांचे दोन वर्ग केले, भूमिस्वामी आणि भूमिधारी. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राची संहिता लागू झाल्यावर भूमिधाऱ्यांची जमीन वर्ग दोनमध्ये गेली. वर्ग दोनची जमीन बहुतेक वेळा परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर अट आणखी कडक.

आता तलावाच्या पाळीलगत एक ले-आऊट पडला आहे असं धरा. तीस वर्षांत प्लॉट दोनदा विकला गेला, दोन्ही रजिस्ट्र्या नीट, बोजा नाही. सर्च स्वच्छ. पण १९५४-५५च्या अधिकार अभिलेख पंजीत तोच खसरा तलावाचा किंवा निस्ताराचा, म्हणजे गावाच्या सामायिक वापराचा, निघाला तर? ती पंजी इंडेक्स टूमध्ये नसते. तहसिलीच्या किंवा भूमी अभिलेखाच्या दफ्तरात मागावी लागते. गंमत अशी की जातपडताळणीसाठी आपली माणसं जन्म-मृत्यूच्या जुन्या कोतवाल बुकापर्यंत खणत जातात, आणि आयुष्याची पुंजी घालायची त्या जमिनीसाठी मात्र तिसांवर थांबतात.

जुन्या खुणाही हलल्या आहेत. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याला तीन तहसिली होत्या, आज भंडाऱ्यातच सात तालुके आहेत आणि १९९९ पासून गोंदिया वेगळा जिल्हा आहे. जुन्या खसऱ्याचा आजचा गट क्रमांक कोणता, हे जुळवल्याशिवाय सूची उलटणं म्हणजे पत्ता न घेता घर शोधणं. संगणकावरचा सर्च मुंबईबाहेर साधारण २००२ पासूनच्याच दस्तांना पोचतो. त्याआधीची हस्तलिखित पुस्तकं. 'पानं फाटलेली असल्याने पाहता आली नाहीत' असं वाक्य अहवालात दिसलं, तर ते पुन्हा वाचावं.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ते विकलंच गेलं नसेल, तर सर्चमध्ये काहीच सापडत नाही आणि 'काहीच नाही' हे 'निर्वेध' समजलं जातं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देणं चालू आहे. शहरात आखीव पत्रिका पाहताना सत्ताप्रकारात नझूल लिहिलंय का, ते आधी बघावं. तिथे जमीन सरकारची आणि आपल्याला मिळतो तो पट्टा.

सूचीत न येणाऱ्या गोष्टीही आहेत: तोंडी वाटणी, नोंद न केलेलं मृत्युपत्र, आणि सर्वांत जास्त वेळा, बहिणींचा हिस्सा. वारसाहक्क दस्ताने येत नाही, त्यामुळे तो कुठल्याच इंडेक्समध्ये नसतो. त्यासाठी वारस फेरफार उघडून कुणाची नावं गाळली ते पाहावं लागतं.

'बँकेच्या वकिलाने सर्च काढलाच आहे, मग आपला वेगळा कशाला?' हे सगळ्यांत जास्त ऐकू येतं. बँकेचा वकील बँकेला कळवतो की ही मिळकत गहाण घेण्याजोगी आहे का. कर्ज वीस वर्षांचं, घर त्याहून जास्त वर्षांचं. त्याचा अहवाल बँकेच्या फाईलला लागतो, घेणाऱ्याने मागितल्याशिवाय त्याची झेरॉक्सही हाती येत नाही. फी मात्र घेणाऱ्याच्याच खात्यातून गेलेली असते.