मुंबईत हरवलेला आवाज

टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आशियात पहिल्यांदा भरली ती मुंबईत, फेब्रुवारी १९५२ मध्ये. तोवर या खेळावर सत्ता होती युरोपची, त्यातही हंगेरीची. मुंबईत उतरलेल्या जपानी संघात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला खेळाडू होता. त्याच्या बॅटवर नेहमीच्या रबराऐवजी स्पंजाचा जाड थर होता.

त्या काळी बहुतेक बॅटना आखूड दाण्यांचं रबर असे. चेंडू त्यावर आदळला की ‘टक’ असा कोरडा आवाज होई आणि समोरचा खेळाडू त्या आवाजावरून फटक्याचा जोर ताडत असे. सातोच्या बॅटवरून तो आवाजच गायब झाला. चेंडू स्पंजात रुतायचा, क्षणभर रेंगाळायचा आणि मग अनपेक्षित वेगानं सुटायचा. अमेरिकेचा मार्टी रीझमन म्हणजे १९४९ चा ब्रिटिश ओपन विजेता, चेंडूवर तुटून पडणारा. त्याचीही सातोपुढे डाळ शिजली नाही. अंतिम फेरीत सातोनं हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवलं आणि तो पुरुष एकेरीतला आशियाचा पहिला जगज्जेता ठरला. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचं सांघिक विजेतेपदही जपाननं नेलं.

सातोला पुन्हा कधी जागतिक विजेतेपद मिळालं नाही, पण स्पंज मागे हटला नाही. १९५४ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत जपानचाच इचिरो ओगिमुरा स्पंजाच्याच बळावर जिंकला. बंदी घाला, असा धोशा एका गटानं लावला; दुसऱ्या गटाला त्यात खेळाचं भविष्य दिसत होतं. अखेर १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं मधला मार्ग काढला. नुसता स्पंज बाद झाला. स्पंजावर दाणेदार रबर चिकटवलेलं ‘सँडविच’ चालेल, मग दाणे बाहेर असोत की आत. मात्र गोंदासकट एकूण जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये.

आज दुकानात रबराच्या पाकिटावर १.५, १.८, २.१ किंवा ‘मॅक्स’ असे आकडे दिसतात. ही स्पंजाची जाडी. ‘मॅक्स’ म्हणजे त्या ४ मिलिमीटरच्या हद्दीत मावेल तितका जास्तीत जास्त स्पंज. मुंबईत पेटलेल्या भांडणाचा निवाडा असा अजूनही पाकिटावर छापला जातो.

दाणे आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर, या रबरानं पुढे मैदान मारलं. गुळगुळीत पृष्ठभाग चेंडूला धरतो, घासतो, गरगर फिरवतो. टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी देण्याचा, खेळ त्यावरच उभा राहिला. बटरफ्लाय कंपनीचं स्रायव्हर हे रबर १९६७ मध्ये आलं, यासाका कंपनीचं मार्क व्ही १९६९ मध्ये. पुढे कित्येक पिढ्या या दोन रबरांवर शिकल्या.

चिनी खेळाडूंनी वेगळीच वाट धरली: बॅटच्या एका बाजूला गुळगुळीत रबर, दुसऱ्या बाजूला लांब दाण्यांचं किंवा फिरकी न धरणारं. लांब, लवचीक दाणे चेंडू लागताच वाकतात, त्यांची पकड बसत नाही. त्यामुळे चेंडूवरची फिरकी बरीचशी तशीच राहते, पण चेंडूची दिशा उलटते. परिणामी प्रतिस्पर्ध्याचा टॉपस्पिन त्याच्याकडेच बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, होऊन परततो. दोन्ही बाजूंचा रंग एकच असे आणि हातातल्या हातात बॅट फिरवली की कोणत्या बाजूनं फटका बसला हे कळायला मार्ग नसे. उरला तो आवाजाचा फरक. तोही झाकायला काही जण सर्व्हिस करताना पाय आपटत! १९८३ मध्ये दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले आणि १९८६ पासून लाल-काळी जोडी ठरली. २०२१ पासून लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा हे रंगही चालतात. काळी बाजू मात्र हवीच.

आवाज एकदा परतलाही. स्पीड ग्लू नावाचा गोंद सामन्याआधी लावला की स्पंज फुगून ताणला जाई आणि फटक्याला कडक आवाज येई. त्यातल्या द्रावकांची वाफ आरोग्याला घातक म्हणून २००८ मध्ये हा गोंदही बाद झाला. त्याच वर्षी आलेल्या बटरफ्लायच्या टेनर्जीसारख्या रबरांत तो ताण कारखान्यातच भरलेला होता.

रबर निवडताना हा सगळा इतिहास कामी येतो. नवशिक्यानं टेनर्जी लावलं तर चेंडू हाताबाहेर जातो. मऊ स्पंजाचं, १.५ ते १.८ मिलिमीटरचं साधं रबर त्याला चुका दाखवतं आणि सुधारायला वाव देतं. टेबलापासून मागे सरून लूप, म्हणजे भरपूर टॉपस्पिनचा फटका, मारणाऱ्याला २ मिलिमीटरहून जाड स्पंज लागतो. चिनी पद्धतीचं चिकट, कडक रबर पूर्ण हात फिरवणाऱ्यालाच साथ देतं, अर्धवट फटका मारला तर चेंडू जाळ्यात. दूरवरून काटणारा बचावपटू बॅकहँडला लांब दाणे लावतो, त्याखाली पातळ स्पंज किंवा स्पंज अजिबात नाही.

लांब दाणे फक्त बचावासाठी, हा समजही खरा नाही. चीनच्या डेंग यापिंगनं ते बॅकहँडला लावून टेबलाला चिकटून आक्रमण केलं आणि १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये एकेरीचं सुवर्ण जिंकलं. भारताच्या मनिका बत्राच्या बॅकहँडलाही लांब दाणेच होते, जेव्हा २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं सिंगापूरच्या फेंग तियानवेईला आधी सांघिक अंतिम लढतीत आणि मग एकेरीच्या उपांत्य फेरीत हरवलं.