कपाटाच्या तळाची पेटी

घरभेटींसाठी गेलो की आम्हांला पुष्कळदा कपाटाच्या तळाची पत्र्याची पेटी दाखविली जाते. तीत लग्नविधी असतात, स्नानसंस्कार असतात, आणि खाली पिवळ्या पाकिटांत निगेटिव्ह असतात. अलीकडे एका घरी पेटी उघडताच शिरक्याचा उग्र वास आला. फिल्म कुजू लागल्याची ती खूण होय.

या वासाच्या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. सुरुवातीची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेई. म्हणून कोडॅक कंपनीने १९४८ साली चित्रपटांसाठी ट्रायअ‍ॅसिटेटची सुरक्षित फिल्म आणली. दहा वर्षांच्या आतच ती बिघडल्याची पहिली तक्रार कंपनीकडे गेली, ती भारत सरकारकडून! उष्ण व दमट हवेत अ‍ॅसिटेटमधून आम्ल सुटते आणि तेच आम्ल पुढील नाशाला वेग देते. फिल्म आक्रसते, तिला सुरकुत्या पडतात. घरगुती कॅमेऱ्यांतील फिल्मही बहुधा अ‍ॅसिटेटचीच असे.

योगायोग असा, की याच सुमारास बचावाचा मार्गही सापडला. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र प्रथमच संगणकात उतरविले. ते होते किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे. प्रत्येक बाजूस १७६ असे त्यात एकूण ३०,९७६ ठिपके होते. संगणकात शिरलेले पहिले छायाचित्र कौटुंबिकच असावे, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

आज चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ६०० ठिपके या मापाने स्कॅन केला, तर ८६ लाखांहून अधिक ठिपके मिळतात. पण स्कॅन कशाचे करावे, फोटोचे की निगेटिव्हचे? आमचे उत्तर असे: निगेटिव्ह शाबूत असेल तर आधी त्याचेच. फोटो ही त्याची प्रत. छाया-प्रकाशाचे जे बारकावे निगेटिव्हमध्ये असतात ते सगळेच कागदावर उतरत नाहीत. मात्र २४ बाय ३६ मिलिमीटरच्या त्या तुकड्यासाठी इंचाला ४,००० ठिपक्यांच्या आसपासचे माप आणि फिल्मसाठी बनविलेला स्कॅनर हवा. जतनाची प्रत टिफ स्वरूपात ठेवावी. जेपेग नातलगांना पाठविण्यापुरते बरे. जागा वाचविण्यासाठी ते चित्रातील काही तपशील गाळते.

म्हणून फोटो टाकून द्यावा काय? मुळीच नाही! पुष्कळदा निगेटिव्ह स्टुडिओतच राहिले आणि घरी फक्त फोटो आला. शिवाय फोटोच्या पाठीवर आजोबांच्या हातची तारीख असते, नावे असतात. ती पाठही स्कॅन करावी. मूळ वस्तू कोरड्या, थंड जागी ठेवावी. शिरक्याचा वास येणारी फिल्म इतरांपासून वेगळी करावी आणि तिचे स्कॅन सर्वांत आधी उरकावे.

त्या घरच्या फिल्ममधील बरेच चेहरे वाचले. पण मागच्या रांगेतील दोन स्त्रियांची नावे कोणालाच सांगता आली नाहीत. ती ज्यांना ठाऊक होती त्या आजींना आम्हीच गेल्या वर्षी मूठमाती दिली. वाचकहो, स्कॅनर उद्या मिळेल. पेटी मात्र आजच उघडा आणि वडीलधाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसा.