ओझे, यंत्र आणि जबाबदारी : खानदेशातील जिन-प्रेस उद्योगातील माल हाताळणीच्या सुरक्षिततेचा इतिहास

प्रस्तावना

खानदेशच्या आर्थिक इतिहासातील कापसाचे स्थान सर्वश्रुत आहे. कापसाचा पेरा, बाजारभाव, रेल्वे आणि सरकी काढण्याचे कारखाने यांविषयी अभ्यासकांनी विपुल लेखन केले आहे. परंतु प्रेसमध्ये बांधलेली गाठ गोदामात आणि तेथून रेल्वेच्या वाघिणीत कोणी व कशी नेली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आज जिनच्या आवारात फोर्कलिफ्ट नवलाचा राहिलेला नाही. यंत्र आले म्हणजे धोका संपला, असा समज त्यामुळे दृढ होतो. हा समज इतिहासाच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गाठ आणि माणूस

१८६० च्या दशकात लोहमार्ग खानदेशात पोहोचला. त्याच सुमारास अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) हिंदी कापसाला मागणी वाढली व जळगाव ही मोठी पेठ बनली. जहाजात कमी जागा व्यापावी म्हणून रुई यंत्राने घट्ट दाबून लोखंडी पट्ट्यांनी बांधली जाई. त्या काळातील मुंबई बाजाराची प्रमाण गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची होती. पुढे १७० किलोचे प्रमाण रूढ झाले.

या आकड्याचा अर्थ श्रमाच्या बाजूने लावून पाहिला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो मानली आहे. १७० किलोची गाठ तिघांनी उचलली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५६ किलोहून अधिक भार येतो. चौघे असतील तरच हा भार मर्यादेत राहतो. म्हणजेच गाठीचे वजन ठरविताना जहाजाचा व व्यापाराचा विचार झाला. हमालाच्या पाठीचा झाला नाही.

जामनेरच्या बाबतीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस पाचोरा-जामनेर हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला. मुख्य मार्ग रुंद मापाचा असल्याने जामनेरहून भरलेली वाघीण पाचोऱ्याच्या पुढे जाऊ शकत नव्हती. पुढे जाणारा माल तेथे उतरवून पुन्हा चढविणे अटळ होते. मार्गाच्या मापातील फरक म्हणजे हमालाच्या डोक्यावरील एक जादा खेप होय.

कायद्याचा उंबरठा

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यंत्रांना कठडे घालणे व अपघातांची खबर देणे बंधनकारक केले. मात्र शंभर किंवा अधिक माणसे आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक काम, या दोन अटी पूर्ण करणारी जागाच त्याच्या लेखी 'कारखाना' होती. हंगामापुरते चालणारे लहान जिन त्यातून आपोआप निसटले. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनसमोर खानदेशातील जिन-प्रेस भर हंगामात रात्रंदिवस चालत असल्याची साक्ष नोंदली गेली, ती या पार्श्वभूमीवर वाचावी लागते.

१८९१ मध्ये संख्येची अट पन्नासवर आली. १९११ च्या कायद्याने चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखानेही कक्षेत घेतले. १९२२ साली ही संख्या वीस झाली, तर १९४८ च्या कायद्याने विजेवर वा अन्य शक्तीवर चालणाऱ्या जागेसाठी ती दहावर आणली. १९४८ च्या कायद्यातील कलम २९ ने उचल यंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून किमान एकदा तपासणी सक्तीची केली. कलम ३४ ने इजा होईल इतके ओझे उचलावयास लावण्यास मनाई केली. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेरचा हमाल त्यानंतरही असंरक्षितच राहिला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली.

यंत्र कोणासाठी आले?

फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनेक जिन-प्रेस आधुनिक झाले. वाहक पट्टे आले, आवारांना फरसबंदी झाली. तथापि या सुधारणेची मूळ प्रेरणा रुईतील कचरा कमी करणे ही होती. श्रमिकाचे ओझे हलके झाले ते आनुषंगिक फळ म्हणून.

त्यामुळे यंत्राबरोबर त्याचे शास्त्रही आलेच, असे म्हणता येत नाही. फोर्कलिफ्टचा तोल पुढील दोन चाके व मागील आसाचा मध्य यांनी बनलेल्या त्रिकोणावर अवलंबून असतो. भार काट्यांच्या टोकाकडे सरकला किंवा उंच धरून वळण घेतले, की हा तोल ढळतो. म्हणून भार जमिनीलगत ठेवणे, समोरचे दिसत नसल्यास मागे चालविणे, उताराच्या वरच्या बाजूस भार ठेवणे आणि उचललेल्या काट्यांखाली कोणालाही उभे न राहू देणे, हे नियम केवळ कागदी नाहीत. जिनमध्ये तर सुटी रुई सर्वत्र उडत असते. तेथे डिझेल यंत्राच्या धुराड्यातील एक ठिणगीही पुरेशी आहे; ठिणगीरोधक जाळी नसलेले यंत्र आवारात आणणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय.

पूर्वी धोका उचलणाऱ्याच्या पाठीवर होता. आता तो आवारात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर आला आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, सुरक्षिततेचा प्रश्न या प्रदेशात प्रथमपासून 'कारखाना कशास म्हणावे' या व्याख्येशी जखडलेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत शक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची संख्यामर्यादा पुन्हा वीस झाली आहे. दहा कामगारांची आस्थापना संहितेच्या कक्षेत असली, तरी हंगामी जिनमधील कामगार नेमके कोठे मोजले जातात, हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न आजही विचारावा लागेल. दुसरी अशी की, यंत्राने ओझे उचलले तरी जबाबदारी उचलली जात नाही. ती मालकाने, मुकादमाने व प्रशिक्षित चालकानेच उचलावी लागते.

जुन्या प्रेसमधील अपघातांच्या नोंदवह्या आणि वृद्ध हमालांच्या आठवणी ही या इतिहासाची प्राथमिक साधने आहेत. ती नष्ट होण्यापूर्वी परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी एकत्रितपणे संकलित करावीत. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचे ते उचित कार्य ठरेल.