अंगणात गेलेली शाळा

‘अंगणवाडी’ म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं. गावातली एक खोली, वजनकाटा, शिजवलेली खिचडी आणि सेविकेच्या पुढ्यातला रजिस्टरांचा गठ्ठा. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे चित्र दिसेल. त्याच गावाबाहेरच्या रस्त्यावर एखाद्या खासगी शाळेचा फलकही दिसेल, त्यावर लिहिलेलं असेल, ‘खेळातून शिक्षण’. आनंदाने शिकणं ही खासगी शाळेची गोष्ट, आणि अंगणवाडी म्हणजे पोषण आहार आणि लसीकरण, अशी वाटणी आपण मनात करून टाकली आहे. इतिहास मात्र उलटा आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्द एका स्वतंत्र शिक्षणसंस्थेत जन्मला आणि त्याचा मूळ अर्थच खेळातून शिक्षण असा होता.

या गोष्टीचं मूळ रोममध्ये आहे. १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. आईवडील कामावर गेले की दिवसभर मोकाट फिरणारी मुलं तिथे येत. मुलाच्या हाताला योग्य वस्तू द्या, त्याला निवडू द्या, मोठ्यांनी मध्ये पडू नये, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढलं आणि हा विचार आपल्या मातीत लावला. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयात काम करणाऱ्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झालेल्या, संसार मोडल्यावर मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या बाई. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

शिशुविहार चांगलं चाललं. पण माँटेसरीची साधनं महाग होती. मापात कापलेले लाकडी ठोकळे, दट्टे, रंगीत पट्ट्या. त्यासाठी लागणारी जागा आणि प्रशिक्षित शिक्षिकाही महाग. कष्टकऱ्यांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे येईपर्यंत शहरी, सुशिक्षित घरांची झाली होती. ताराबाईंना हे खुपत होतं. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. बालपणीच विधवा झालेल्या, रात्रशाळेत शिकलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेतली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. कोणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं, कोणाच्या अंगावर कपडा नव्हता, आणि दलित वस्तीतल्या मुलांना गावाच्या मध्यावर येऊन बसायचा धीर होत नव्हता. इथे दोन रस्ते होते. एक, ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही’ असं म्हणून मोकळं होणं. दुसरा, शाळाच उचलून त्यांच्या दारात नेणं. ताराबाई आणि अनुताईंनी दुसरा रस्ता धरला. वस्तीतल्या एखाद्या अंगणात त्या जाऊन बसत. आधी मुलांना आंघोळ, मग गाणी, गोष्टी, खेळ. धाकटं भावंड कडेवर असलं तरी चालायचं. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एक प्रश्न रोज येतो: वापरणारा माणूस अडखळला, तर चूक त्याची की रचनेची? बहुतेक वेळा रचनेचीच असते, आणि बहुतेक वेळा दोष माणसाला दिला जातो. बोर्डीचं मोठेपण मला इथे दिसतं. मूल येत नाही, म्हणजे शाळेच्या रचनेत चूक आहे, असं त्यांनी मानलं आणि ती रचना बदलली.

साधनांच्या बाबतीतही हेच झालं. माँटेसरीच्या ठोकळ्यांमागचं तत्त्व असं की चूक वस्तूनेच दाखवावी, बाईंनी नव्हे. मोठा दट्ट्या लहान खोबणीत जात नाही, मग मूल स्वतःच दुसरी खोबण शोधतं. हे तत्त्व कळलं की लाकडी ठोकळ्याची गरज उरत नाही. बोर्डीत शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, मातीची भांडी ही साधनं झाली. खडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावताना मधला एक चुकला तर तो डोळ्याला आणि बोटाला लगेच सांगतो. आमच्या जालन्यात हेच काम सरकी, तुरीचे दाणे आणि मोसंबी करू शकतील.

पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती, म्हणजे धाकट्याला घेऊन आलेली ताई स्वतःही शिकू शके. तरीही गुरं राखणारी मुलं सुटत होती. मग कुरणशाळा निघाली. गुरं चरत असतील तिथेच शाळा.

हा सगळा काळ आमच्या मराठवाड्यात वेगळ्याच झगड्याचा होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, आणि खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी हवी. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक होते. त्या पिढीसाठी स्वतंत्र शाळा म्हणजे आपल्या भाषेत, आपल्या देशाबद्दल शिकवण्याची मोकळीक. तो लढा आवश्यक होता. पण काय शिकवायचं यासाठी तो होता. कसं शिकवायचं, कुठे आणि किती वाजता, हे स्वातंत्र्य वापरणं बोर्डी-कोसबाडच्या वाट्याला आलं. मराठवाड्याने पहिलं स्वातंत्र्य लढून मिळवलं. दुसऱ्याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झाली नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. आज ते देशभर पोहोचलं आहे. एका टेकडीवरची संस्था जे कधीच करू शकली नसती ते सरकारने केलं. ज्या वस्तीत दुसरं काही पोहोचलं नाही तिथेही अंगणवाडी आहे. मात्र प्रवासात शब्दाचा अर्थ हलला. आहार, वजन, लस, नोंदी यांच्या ओझ्याखाली खेळ मागे पडला, आणि तोच खेळ खासगी शाळांनी उचलून फी लावून विकायला घेतला.

खेळ विकला म्हणून वाईट होत नाही. खटकतं ते वेगळंच. खासगी शाळेला जे खरं स्वातंत्र्य असतं, म्हणजे वेळ, जागा आणि साधन मुलाप्रमाणे बदलण्याचं, ते सहसा वापरलंच जात नाही. भिंतीवर पडदा येतो, पण चाळीस मुलं एकाच पानावर, एकाच तासाला असतात.

दिवाळीनंतर मंठा, घनसावंगी, अंबडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुलं बरोबर जातात आणि शाळेचं अर्धं वर्ष फडात निघून जातं. साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचे प्रयोग झाले आहेत, पण त्या चालतात तितके दिवस चालतात. बोर्डीच्या दोघी बाई आज जालन्यात असत्या तर त्यांनी पहिला प्रश्न पडद्याचा विचारला नसता. फडावर कोपी कुठे पडली आहे आणि त्या कोपीपुढे अंगण आहे का, हे विचारलं असतं.