कुप्य, भांड आणि मोकळी भिंत



मागच्या वर्षी आमच्या कारध्याच्या घराचं काम काढलं. मुलगा आणि सूनबाई नागपूरहून नकाशा घेऊन आले. पांढऱ्या भिंती, एक लांब बैठक, भिंतीत दडवलेली कपाटं, बाकी सगळं मोकळं. याला 'मिनिमलिस्ट' म्हणतात, असं मला कळलं. नकाशा छानच होता. फक्त त्यात माळा नव्हता, घडवंची नव्हती आणि सासूबाईंच्या पितळी भांड्यांची फळी नव्हती.

मी म्हटलं, "मग आपली परंपरा कुठं ठेवायची?"

सूनबाई शांतपणे म्हणाली, "आई, परंपरा म्हणजे नेमकं कोणतं सामान ते सांगा. मी जागा करते."

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. रागही आला. पण मी कॉमर्सची पदवीधर. प्रश्न सुटला नाही की आधी यादी करायची आणि मग जुन्या नोंदी बघायच्या, ही सवय अजून गेलेली नाही. घरातल्या सामानाची वही केली: वस्तू, नग, शेवटची कधी वापरली. मग शास्त्रं आणि इतिहास उघडला. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

पुरानं केलेली यादी

वही लिहिताना ऑगस्ट 2020 आठवला. वैनगंगेची धोक्याची पातळी आमच्या कारध्याच्या पुलाजवळ मोजतात. 245.50 मीटरला ती खूण आहे. त्या वर्षी महिनाअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं. खाली गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडावे लागले. नदी खूण ओलांडून गावात शिरली.

आमच्या हातात तासाभराचा वेळ होता. त्या तासात आम्ही काय उचललं? जिनवाणीचे ग्रंथ, पाण्याचं गाळणं, औषधं, कागदपत्रं, दोन दिवस पुरेल एवढं धान्य आणि सासऱ्यांचा फोटो. माळ्यावरच्या सामानाची कोणालाच आठवण झाली नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढला, भांडी घासली आणि ज्यांची आठवण झाली नव्हती ती भांडी परत फळीवर रचून ठेवली. का, ते त्या दिवशी मी स्वतःला विचारलं नाही.

शास्त्रातली यादी

आपल्या आचार्यांनी बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजले आहेत: क्षेत्र, वास्तु, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. शेत, घर, सोनं-चांदी हे आपल्याला लगेच परिग्रह वाटतात. पण शेवटचे दोन बघा. कुप्य आणि भांड म्हणजे कपडालत्ता, भांडीकुंडी, घरातलं किरकोळ सामान. म्हणजे आपल्या ताब्यातला प्रांत! तिजोरीची किल्ली घरातल्या पुरुषाकडे असेल, पण माळ्याची किल्ली कायम आपल्याच कमरेला राहिली आहे.

श्वेतांबर परंपरेतल्या उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत. पहिला आनंद श्रावक, वाणिज्यग्रामचा. तो गरीब नव्हता. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या: चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरप्रपंचात. ताळेबंद शिकलेल्या बाईला हे वाचून किती आनंद होतो म्हणून सांगू! शिवाय प्रत्येकी दहा हजार गायींचे चार गोकुळ आणि पाचशे नांगरांची जमीन.

त्यानं यातलं काही फेकून दिलं नाही. 'आहे त्याच्या पुढं जाणार नाही,' अशी रेघ मारली. मग रोजच्या वापराकडे वळला. अंग पुसायला एकच प्रकारचं वस्त्र. दातवण ज्येष्ठमधाच्या ओल्या काडीचं. दागिन्यांत कानातलं आणि नावाची अंगठी. प्यायला पावसाचं पाणी. एवढ्या मोठ्या धनिकानं टॉवेलपर्यंत हिशेब केला. आणि त्याच्या पत्नीनं, शिवानंदेनंही जाऊन बारा व्रतं घेतली. घराची मर्यादा दोघांनी मिळून ठरवली.

आपल्या दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताला 'इच्छापरिमाण' असंही नाव दिलं आहे. मोजायची ती इच्छा. वस्तू तिच्या मागून येतात. या व्रताचे जे पाच अतिचार ते सांगतात, त्यांत 'अतिसंग्रह' आहे आणि 'विस्मय'ही आहे. दुसऱ्याचं वैभव बघून नवल करत राहणं, हाही दोष. मोबाइलवर इतरांच्या चकाचक बैठकीचे फोटो बघताना माझं काय होतं, त्याला इतका नेमका शब्द मला दुसरा मिळाला नव्हता.

जुनं घर खरंच भरलेलं होतं का?

मी समजत होते की परंपरेचं घर म्हणजे भरलेलं घर. पण आठवून बघा. आपल्या आज्ज्यांचं स्वयंपाकघर कसं होतं? पीठ पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस, हिवाळ्यात 7 दिवस. त्यापुढचं चालत नसे. म्हणजे पिठाचे मोठे डबे भरून ठेवायचा प्रश्नच नव्हता. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि गाळण्यावरची जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडायची. चुलीवर आणि पाण्याच्या जागेवर चंदवा. सूर्यास्ताच्या आत जेवण, त्यामुळे रात्रीचा पसारा नाही. झाडताना कोपऱ्याकोपऱ्यात कुंचा फिरला पाहिजे, कारण न दिसणाऱ्या कोपऱ्यात जीव होतात. सामान जितकं जास्त तितके कोपरे जास्त, आणि तितकी हिंसा जास्त. महाराज आले की पडगाहनासाठी दारात जागा मोकळी हवी. म्हणून ओसरीत काही मांडलेलंच नसे.

घर भरलं ते नंतर, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या लग्नात स्टीलच्या भांड्यांचे ढीग आले. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचे डबे देऊ लागली. पितळ मोडीत जाऊ लागलं. मग टीव्ही आला, त्याच्यासाठी शोकेस आली, शोकेसमध्ये ठेवायला वस्तू आल्या. 1991 नंतर बाजार खुला झाला तसे प्लास्टिकचे डबे, 'एकावर एक फुकट' आणि दर लग्नातला आहेर. माझ्या वहीतल्या बहुतेक वस्तू या चाळीस वर्षांतल्या निघाल्या. मी त्यांना परंपरा म्हणत होते!

लोटा

आता पितळेकडे येऊ, कारण माझं खरं दुखणं तिथंच होतं. आपला भंडारा पितळेचं गाव. जुन्या गॅझेटियरमध्ये 'भंडारा' हे नावच भाणा, म्हणजे पितळी ताटाशी जोडलेलं आहे. इथल्या कारागिरांच्या हातचे लोटे, घागरी, गुंड दूरदूर गेले. ते मी माळ्यावरून खाली टाकू कशी?

वाचताना एक गंमत कळली. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं नामवंत डिझायनर जोडपं. भारत सरकारनं त्यांना बोलावलं आणि 1958 मध्ये त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला. त्यातूनच पुढं 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतभर फिरून त्यांना सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल? साधा लोटा. किती पाणी मावावं, हातात कसा बसावा, कमरेवर कसा टेकावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपा कसा असावा, असे कितीतरी प्रश्न त्या एका भांड्यानं सोडवले आहेत, आणि तो कोणा एकानं नाही तर पिढ्यांनी घडवला आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सूनबाईच्या 'मिनिमलिस्ट'वाल्यांचे गुरू आमच्या भंडाऱ्याच्या फळीवरच्या वस्तूपुढं हात जोडून उभे होते!

ती डिझाइन संस्था उभारण्यात अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातल्या गौतम आणि गिरा या भावंडांचा मोठा हात. घर जैन. त्याच घरातल्या मनोरमाबेन साराभाईंनी ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाकडून घर बांधून घेतलं. ते 1955 च्या सुमारास पुरं झालं. विटांच्या कमानी, दगडी फरशी, वारा आरपार जाईल अशी रचना आणि छतावर माती घालून उगवलेलं गवत. तेव्हा जगात याहून नवं काही नव्हतं. तरी ओसरीत वाढलेल्या आपल्यासारखीला त्यात परकं काय वाटावं?

पण मला सगळ्यांत जवळचं उदाहरण आपल्या विदर्भातलं वाटतं. सेवाग्रामची बापू कुटी. 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या त्या खेड्यात राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. जमिनीवर बैठक, लिहायला बुटकं मेज, आणखी चार-दोन वस्तू. 1891 मध्ये मुंबईत ज्या श्रीमद् राजचंद्रांची त्यांची भेट झाली, त्या जैन जवाहिऱ्याची छाप त्यांच्यावर आयुष्यभर राहिली. ही कुटी मुळात मीराबेनची. तिनं मातीच्या भिंतीवर हातानं झाडं आणि चरखा उठवला आहे. मोकळ्या घरातही एक भिंत अशी सजलेली आहे, आणि त्यासाठी बाजारातून काही आणावं लागलं नाही.

आमच्या घरी काय ठरलं

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाला एकच शब्द आहे: मूर्च्छा. वस्तूत अडकलेलं मन. त्या शब्दासमोर मी माझी वही ठेवली. सासूबाईंचे मोठे पितळी गुंड आणि पातेली पूर्वी गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला जायची. त्यांच्या वेळी ती भांडी वर्षातून दहा घरं फिरत. माझ्या वेळी वीस वर्षांत ती फळीवरून हलली नाहीत. सासूबाईंची परंपरा भांडी देण्याची होती. मी ती राखण्याची करून टाकली.

मोठी भांडी आम्ही मंदिराच्या भोजनशाळेला दिली. दशलक्षण पर्वातल्या पारण्याला त्यांत पुन्हा स्वयंपाक झाला. त्या दिवशी मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाढायला गेले आणि ते विसरूनच गेले.

पण वही दोन्हीकडून चालते. सूनबाईच्या नकाशात 'साधा दिसणारा' एक सोफा होता, आणि त्याची किंमत साधी नव्हती. जुनं चांगलं काढून नवं 'कमी' विकत आणणं हे इच्छापरिमाण कसं? मी एवढंच विचारलं. ती दोन दिवस बोलली नाही. मग आमच्या जुन्या सागवानी पलंगाची बैठक करून घेतली. भिंत पांढरी राहिली.

माझ्या तीन गोष्टी तिनं नकाशात घेतल्या: पाणी गाळायची आणि जिवाणी ठेवायची जागा, शेगडीवर चंदवा आणि दारात पडगाहनाची मोकळी जागा. घडवंची घेतली नाही, तिथं मी हट्ट सोडला. स्वयंपाकघराच्या कपाटात आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: ताटं इतकी, डबे इतके, साड्या इतक्या. खाली आम्हा दोघींच्या सह्या आहेत. नवं एक आलं तर जुनं एक जाईल.

एक चेपलेला लोटा मात्र माझ्याकडेच आहे. तो गळतो, कशाच्याच कामाचा नाही. सासूबाई त्यानं मला पहिल्यांदा पाणी द्यायला उठल्या होत्या, मी नवी सून असताना. कागदावर तो लिहिला आहे, आणि त्याच्यापुढं खरं तेच लिहिलं आहे: मूर्च्छा, नग 1.

जय जिनेंद्र.